वरच्या कॅम्पवरचा ओढा

१. देव्हाऱ्यातली फट

भैरोबा नाहीसा झाला होता.

देवळातला नव्हे हं! देवळातला दगडी आहे, त्याला हलवायला जेसीबी आणावा लागेल. नाहीसा झाला तो ज्ञानेश्वरीच्या घरातला. चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेला, त्रिशूळ धरलेला, मिशीवाला, तळहातात सहज मावणारा टाक. देव्हाऱ्यात बाकीचे टाक ओळीनं उभे होते. इकडं भवानी, तिकडं खंडोबा, आणि मधोमध पडलेल्या दातासारखी फट.

"भावजी," ज्ञानेश्वरीची आई पुष्पावती चुलीपुढूनच ओरडली, "लडाखवरून येऊन हप्ता झाला की! आमचा देव अजून तुमच्या सॅकमधीच झोपलाय व्हय?"

बजरंगकाका उंबऱ्यात बसून बूट घासत होता. त्याचा हात थांबला.

"वहिनी, देव माझ्याकडं न्हाई."

"मग कुणाकडं हाय?"

"पंकजानं घेतला. मागितला तर न्हाई म्हनती."

आईच्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या ऐवजी परातीत पडली.

बजरंग म्हणजे ज्ञानेश्वरीच्या वडिलांचा धाकटा भाऊ. सुप्याच्या कारखान्यात कामाला, आणि रजा मिळाली की डोंगरावर. जामखेडकडच्या या उघड्याबोडक्या गावात डोंगर चढायचं वेड कुठून शिरलं त्याच्या डोक्यात, हे कुणालाच कळलं नव्हतं. पण यंदा नगरच्या गिर्यारोहण संघाबरोबर लडाखला जाऊन तो सहा हजार मीटरच्या वरचं शिखर चढून आला, तेव्हा गावानं वेशीत फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर काकाच्या शेजारी होती पंकजा, अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या राजूरची. एका दोराला बांधलेली ही दोघंच शिखरावर पोचली होती.

आणि टाक लडाखला कशाला? त्याचं असं. हे घर ऊसतोडीचं. दसरा झाला की घराला कुलूप घालून साखर कारखान्यांच्या मुलखात जायचं, उसाच्या फडाशेजारी पाचटाची खोपटी, म्हणजे कोपी, बांधायची आणि उन्हाळ्यापर्यंत तिथंच राहायचं. घराबाहेर चूल मांडायची तर भैरोबा बरोबर न्यायचा, ही या घराची रीत. काकानं हिशोब लावला, महिनाभर परमुलखात स्टोव्ह पेटवायचाय म्हणजे चूलच की ती! आणि भैरोबा सॅकमध्ये बसला.

"संघाला कळवलंय मी," काका बुटाकडं बघतच म्हणाला. "ग्रुपवरच टाकलं. रविवारी मीटिंग हाय. संघातून पंकजाचं नाव काढनार."

 पुढच्या वर्षी मुलींची मोहीम निघणार होती आणि पंकजाताई तिची लीडर होणार होती. पण नुसतं तेवढंच नव्हतं. पंकजाताईचं पोट पर्यटकांना डोंगर दाखवण्यावर होतं. जिला आपल्याच संघानं चोर म्हटलं, तिच्या हातात कोण आपली पिशवी देईल? कोण आपलं पोर देईल?

मागच्या मे महिन्यात संघाच्या शिबिरात ज्ञानेश्वरी कड्याच्या मध्यावर थिजली होती. सगळे खाली हसत होते. पंकजाताई तिच्या बाजूला येऊन लटकून राहिली आणि तिला चक्क पिठलं कसं करायचं ते सांगत बसली, पाय सुटेपर्यंत.

अशी बाई देव चोरते? शक्यच नाही! पण बजरंगकाका खोटं बोलतो? तेही शक्यच नाही!

दहावीतल्या पोरीनं अशा वेळी अभ्यास करावा अशी अपेक्षा असते. ज्ञानेश्वरीनं पाट ओढला आणि काकासमोर बसली.

२. पाण्याचा खळखळाट

"काका, पहिल्यापासून सांग. आणि ‘कशाला पायजे तुला’ असं म्हणू नको."

"कशाला पायजे तुला?"

"काका!"

काका हसला. मग सांगायला लागला, आणि सांगताना त्याचे डोळे कुठंतरी लांब गेले. "वरच्या कॅम्पला. शिखरावरून उतरून आलो हुतो. तंबूच्या तोंडाशी बसलो. मी टाक बाहेर काढला. पंकजानं हात पुढं केला. लाल जाकिटाच्या खिशात घातला. म्हनली, राहू दे माझ्याजवळ. पान्याचा खळखळाट एवढा हुता की तिला दोनदा ओरडून सांगावं लागलं. खिशाची चेन मधीच अडकली, ती तिनं दातानं ओढली."

"आणि मग?"

"मग काय? दुसऱ्या दिवशी खाली उतरलो. बेस कॅम्पला आल्यावर मागितला, तर म्हनती माझ्याकडं न्हाईच."

"तुला पक्कं आठवतं?"

"ज्ञाने, डोळ्यापुढं हाय माझ्या. चेन अडकल्याली सुद्धा दिसती. एवढं बारीक कुनी बनवून सांगंल का?"

नाहीच सांगणार. खोटं बोलणारा गोष्ट छोटी ठेवतो, हे ज्ञानेश्वरीला वर्गातल्या अनुभवावरून ठाऊक होतं. गृहपाठ घरी विसरला म्हणणारा कधी वहीच्या कव्हराचा रंग सांगत नाही.

तिनं काकाच्याच मोबाईलवरून पंकजाताईला फोन लावला. चूक झाली. पलीकडून पहिलं वाक्य आलं ते असं, "अजून काय राहिलंय रं बोलायचं तुझं?"

"ताई, मी ज्ञानेश्वरी! काका नाही!"

 मग आवाज थोडा उतरला. "बोल बाळा."

"ताई, तू टाक हातात घेतला होतास का? एकदा तरी?"

"घेतला हुता की! बेस कॅम्पला, वर निघायच्या आदल्या दिवशी. त्याला बूट बांधायचं हुतं, दोनी हात पायजे हुते. म्हनून मी खिशात ठिवला. चेन अडकली ती दातानं ओढली. बूट बांधून झाल्यावर लगीच दिला परत."

ज्ञानेश्वरीचे कान टवकारले. "लाल जाकीट?"

"व्हय. का?"

"रविवारी तू मीटिंगला येशील ना?"

"चोर म्हनून खुर्चीत बसायला? मी न्हाई येनार. तुझ्या काकाला सांग, डोंगरावर दोन दिवस त्याचा जीव माझ्या दोराला हुता. तवा न्हाई चोरला म्या."

फोन बंद.

ज्ञानेश्वरी मोबाईल हातात धरून बसून राहिली. जाकीट तेच. चेन तीच. दात तेच! दोघांच्या गोष्टी जुळ्या बहिणींसारख्या सारख्या, फक्त एक वरच्या कॅम्पवर घडलेली आणि एक खालच्या. म्हणजे दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता. किंवा...

‘किंवा’च्या पुढं तिला काही सुचेना. पण तो ‘किंवा’ डोक्यातून हलेनाही.

३. कल्याणचा कॅमेरा

रविवारी काका नगरला मीटिंगला निघाला तेव्हा ज्ञानेश्वरी एसटीत त्याच्या शेजारी बसलेली होती. कशी, ते विचारू नका. आईला पटवण्यात सगळा शनिवार गेला.

"मीटिंग दुपारी हाय," काका म्हणाला. "आधी कुठं जायचं म्हन्तीस?"

"कल्याणदादाकडं. वरच्या कॅम्पला तुमच्या तंबूत तिसरा तोच होता ना?"

कल्याणचा सावेडीत फोटो स्टुडिओ. लग्नं, मुंजी, बारशी, आणि मधून मधून हिमालय. शिखरावर तो गेला नव्हता, डोकं दुखत होतं म्हणून तंबूतच थांबला होता. आता तो मोहिमेची फिल्म बनवत होता.

"अरे बज्या! आणि ही कोण, बॉडीगार्ड?"

"पुतणी आहे," ज्ञानेश्वरी म्हणाली. "दादा, एक विचारू? वरच्या कॅम्पला ओढा केवढा होता?"

"ओढा?" कल्याण खदखदून हसला. "अगं ए, तिथं थुंकलं तरी खाली पडेपर्यंत गोठतं! पाणी पाहिजे तर बर्फ आणायचा, स्टोव्हवर वितळवत बसायचं. पेलाभर पाण्याला जीव जातो."

"मग पाण्याचा खळखळाट?"

"तो बेस कॅम्पला. तिथला नाला असा धो धो वाहतो की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं."

काका भिंतीवरच्या नवरा-नवरीच्या फोटोकडं बघत होता. त्यानं मान वळवली. "कल्याण, वरच्या कॅम्पला पानी नव्हतं?"

"तूच बर्फ भरून आणत होतास की लेका पोत्यात!"

काकाच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरला की कल्याणनं हसणं थांबवलं. "मग मला आवाज कसा काय आला?" काका पुटपुटला. "ती ओरडली. दोनदा ओरडली."

हाच तो ‘किंवा’!  काका खोटं बोलत नव्हता. त्याची आठवण खरीच होती. फक्त ती चुकीच्या कॅम्पवर जाऊन बसली होती!

"दादा, वरच्या कॅम्पचा व्हिडिओ दाखव ना. शिखरावरून परत आल्यावरचा."

"नाहीये." कल्याणनं पटकन कॉम्प्युटरकडं पाठ केली. "बॅटरी गोठली होती. कॅमेरा चाललाच नाही."

"अजिबात?"

"अजिबात. चहा घेणार का?"

गृहपाठवाल्यांची वाक्यं अशीच छोटी असतात. ज्ञानेश्वरी मान वाकडी करून त्याच्या खांद्यावरून पडद्याकडं बघायला लागली. छोट्या छोट्या चौकटींची रांग होती. त्यातल्या एका चौकटीत पिवळ्या तंबूच्या उजेडात काका बसला होता, भुवयांवर बर्फाचे मणी घेऊन.

"मग हे कुठलं बारसं?" तिनं विचारलं.

४. ‘वर जाऊन आलो का आपण?’

तो व्हिडिओ त्यांनी पाहिला तो डॉक्टर सत्यशीला मॅडमच्या दवाखान्यात, मीटिंगच्या टेबलावर. मॅडम संघाच्या अध्यक्ष आणि मोहिमेच्या डॉक्टर. मोहिमेत त्या बेस कॅम्पलाच होत्या. कल्याण मान खाली घालून उभा होता.

पडद्यावर काका स्टोव्हपाशी बसून डुलत होता. "वर जाऊन आलो का आपण?" त्यानं विचारलं.

"आलो की रे," पंकजाचा थकलेला आवाज.

"बरं झालं." थोड्या वेळानं, "पंकजा, वर जाऊन आलो का आपण?"

कॅमेऱ्यामागं कल्याणचं हसू. "पुन्हा विचार, पुन्हा!"

"वर जाऊन आलो का आपण?" काकानं गंभीरपणे तिसऱ्यांदा विचारलं. मग जीभ जड झाल्यासारखा म्हणाला, "पहाटं गाडी भरायची. मुकादम येईल. आवरा." त्यानं हात हलवला, कॅमेऱ्यापुढं तंबूचं कापड आलं, आणि व्हिडिओ संपला.

 काका पडद्याकडं असा बघत होता जसं काही तिथं दुसराच कुणी त्याचे कपडे घालून बसला होता.

"मला ह्यातलं काहीच आठवत न्हाई," तो हळूच म्हणाला. "एक अक्षर न्हाई."

"कल्याण!" सत्यशीला मॅडमचा आवाज चढला. "माणूस एवढा गोंधळलाय आणि तुम्ही शूटिंग करता? वॉकीटॉकीवर मला का नाही कळवलंत? हा धोक्याचा इशारा असतो! त्याला त्याच क्षणी खाली आणायला हवं होतं."

"मला तेव्हा गंमतच वाटली, मॅडम," कल्याण रडकुंडीला आला. "खाली आल्यावर कळलं काय केलं ते. म्हणून तर लपवला."

"गंमत वाटली, कारण तुमचंही डोकं तेव्हा धड नव्हतं," मॅडम जरा नरमल्या.

"मॅडम, पण असं होतं कशानं?" ज्ञानेश्वरीला राहवेना. "वर हवेत ऑक्सिजन कमी असतो म्हणून?"

"हवेतलं त्याचं प्रमाण इथं आहे तेवढंच असतं गं. पण तिथं हवाच विरळ. तुझ्या एका श्वासात जेवढा ऑक्सिजन येतो ना, तिथं साधारण त्याच्या निम्माच येतो. आणि मेंदू एवढासा असला तरी भारी खादाड आहे, शरीराला मिळणाऱ्या ऑक्सिजनचा पाचवा हिस्सा एकटा खातो. त्यातही नव्या आठवणी बसवणारा जो भाग, हिप्पोकॅम्पस, तो उपासाला फार हळवा. बाकीचं चालू राहतं. माणूस बोलतो, चालतो, गाठीसुद्धा मारतो. पण घडलेलं आत उतरतच नाही."

"म्हणजे काकाची ती संध्याकाळ कोरीच आहे!"

"कोरी असती तर त्याला कळलं असतं. मेंदूला कोरी जागा आवडत नाही. तो शेजारची एखादी खरी आठवण उचलतो आणि तिथं चिकटवतो. ती इतकी ठसठशीत असते की माणूस शपथ घेईल." मॅडम काकाकडं वळल्या. "मी डॉक्टर असून फसले, बजरंग. तुम्ही इतकं बारकाईनं सांगत होतात. विसरलेला माणूस अडखळतो असंच माझ्या डोक्यात होतं."

"पण मॅडम," काका घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तिनं न्हाई घेतला तर देव गेला कुठं?"

तोच तर प्रश्न होता! पंकजाताई सुटली होती, पण अर्धीच. टाक सापडेपर्यंत लोक ‘कोण जाणे बाबा’ म्हणतच राहिले असते, आणि ‘कोण जाणे’ हे ‘चोर’पेक्षा वाईट, कारण त्याला उत्तर देता येत नाही.

"दादा, परत लाव," ज्ञानेश्वरी म्हणाली. "नुसतं शेवटचं."

काकानं हात हलवला. तंबूचं कापड.

"थांबव! काकाची बाही बघा. पीठ लागलंय."

"माडगं केलं असेल," कल्याण म्हणाला. "बज्यानं घरून हुलग्याच्या पिठाचा डबा आणला होता. रोज गरम गरम माडगं प्यायचो."

"त्या संध्याकाळी प्यायलात?"

कल्याण आठवू लागला. "नाही. त्या दिवशी कुणाला भूकच नव्हती. वर भूक मरतेच. नुसतं पाणी पिऊन झोपलो."

"मग पीठ का लागलं? आणि कुठपर्यंत लागलंय बघा ना! कोपरापर्यंत! माडग्याला पीठ चमच्यानं काढतात. कोपरापर्यंत हात कधी जातो?"

तिनं सगळ्यांकडं पाहिलं. सगळे तिच्याकडं बघत होते. आणि अचानक ती त्या दवाखान्यात नव्हतीच. ती फडाशेजारच्या कोपीत होती, पाच-सहा वर्षांची, पाचटाच्या अंथरुणावर. दुसऱ्या दिवशी पुढच्या फडावर जायचं म्हणून आई भांडी बांधत होती. बैलगाडीवर सामानाचा ढीग लागायचा, त्यातून वस्तू पडायच्या, हरवायच्या, कुणी उचलायचं. एकच वस्तू कधी हरवायची नाही. पिठाचा डबा. कारण त्याच्यावर आई बसायची.

"काका," तिनं विचारलं, "गाडी भरायच्या आदल्या संध्याकाळी आपण टाक कुठं ठेवतो?"

 काकाचा उजवा हात आपोआप उठला आणि हवेत खाली गेला, पार तळापर्यंत.

"पिठात," तो म्हणाला. "लहानपनी माझंच काम हुतं ते. माझा हात बारीक हुता."

"नवीन आठवण बसायला जागा नव्हती, पण जुनी सवय जाग्यावर होती!" ज्ञानेश्वरी म्हणाली. "तुला वाटलं कोपी मोडायची, पहाटे गाडी भरायची, मुकादम येणार! मग तू केलंस तेच, जे तुझा हात लहानपणापासून करत आला!"

सत्यशीला मॅडम खुर्चीतून उठल्याच. "तो डबा! लेहला उरलेलं सामान वाटलं तेव्हा तो कुणी नेला?"

कल्याणनं व्हिडिओ बंद केला. "पंकजानं. म्हणाली, आईला चाखवते."

खोलीतला आनंद एका क्षणात विझला. देव सापडणार होता, पण पंकजाच्याच घरात.

५. पीळ

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या गाडीतून चौघं राजूरला निघाली.  राजूरचा बाजार भरला होता. डोंगरातल्या वाड्यापाड्यांवरून माणसं उतरली होती, रानभाज्यांचे ढीग, मिरच्यांची पोती, कोंबड्यांचा कलकलाट. ज्ञानेश्वरीला एरवी तिथं दिवसभर रमायला झालं असतं.

पंकजा दारातच उभी राहिली. घरात बोलावलं नाही.

"झडती घ्यायला आलात?"

"ताई, एकच विचारते," ज्ञानेश्वरी पुढं झाली. "काकाच्या घरचा पिठाचा डबा कुठं आहे?"

"माळ्यावर. झाकन काढलं न्हाई अजून." तिनं काकाकडं पाहिलंही नाही. "घरी पोचायच्या आत ग्रुपवर चोर झाले मी. आई म्हनली, त्यांच्या घरचा कन नको आपल्याला, परत पाठीव."

"तो काढशील? पण त्याआधी ऐक. टाक त्या डब्यात आहे."

पंकजाचा चेहरा कसा झाला ते सांगता यायचं नाही. आधी काहीच कळलं नाही, मग कळलं, मग डोळ्यांत अंगार. "म्हंजे आता म्या डब्यात लपीवला?"

"नाही! काकानं ठेवलाय. तुझ्या देखत, कल्याणदादाच्या देखत, आणि तिघांपैकी कुणालाच पत्ता नाही."

डबा अंगणात आला. शेजारपाजारच्या बायका जमल्या. ज्ञानेश्वरीनं बाही वर सारली, हात खुपसला. पीठ थंडगार लागलं. मनगट बुडालं, हात बुडाला, कोपर बुडालं, आणि बोटांना काहीतरी टणक लागलं.

चौकडीचा हातरुमाल निघाला, पिठानं माखलेला. आत चपटं काहीतरी.

"बघा बाई!" मागून एक शेजारीण कुजबुजली. "हिच्याच घरात निघालं की."

हेच होणार होतं, हे ज्ञानेश्वरीला ठाऊक होतं. रात्रभर ती त्याच विचारात होती. डबा पंकजाताईचा झाला, टाक तिच्या डब्यात, आणि व्हिडिओत हात आत जाताना दिसत नाही. आता कसं पटवायचं? तिनं रुमाल झटकला, सोडायला गाठ शोधली, आणि मोठ्यानं हसली.

"गाठच नाही!"

खरंच नव्हती. रुमालाची दोन टोकं एकमेकांभोवती करकचून पिळली होती, आणि तो पीळ खाली दाबून खोचला होता.

"पंकजाताई, तू असं बांधतेस?"

पंकजानं रुमाल हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "हे काय बांधनं झालं? मी असते तर गाठ मारली असती. वर आनखी एक मारली असती. दोराला जीव टांगनारं मानूस असं नुसतं खोचून ठिवंल व्हय?"

"कल्याणदादा, तू?"

"मी तर रबर लावलं असतं."

"आमच्याकडं उसाची मोळी अशी बांधतात," ज्ञानेश्वरीनं सगळ्या बायकांना दिसेल असा रुमाल वर धरला. "उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पाल्यानं. पाल्याला गाठ बसत नाही, म्हणून पीळ द्यायचा आणि खोचायचा. लहानपणापासून हजारो मोळ्या बांधल्यावर हाताला दुसरं काही सुचतच नाही. काका, तू कर बरं."

मॅडमनी आपला रुमाल काढून दिला. काकानं अंगणातला खडा त्यात ठेवला. त्याची बोटं चालली, एकदा, दोनदा, खाली दाब. त्याला बघायचीही गरज पडली नाही.

दोन्ही रुमाल शेजारी शेजारी ठेवले. मघाची शेजारीण वाकून बघत राहिली. "एकाच हाताचं हाय," ती म्हणाली, आणि मग पंकजाकडं बघून ओशाळली.

 पंकजा उंबऱ्यावर बसली आणि तिनं तोंडावरून पदर फिरवावा तसा हात फिरवला. इतके दिवस ताठ ठेवलेली मान पहिल्यांदा सैल झाली.

सत्यशीला मॅडम तिच्याजवळ गेल्या. "मुलींच्या मोहिमेची लीडर तूच आहेस. संघाचं पत्र आज निघेल, माफीसकट."

"ते ठीक, मॅडम," पंकजा म्हणाली. तिची नजर काकावर होती.

काका मात्र टाक हातात घेऊन वेगळ्याच भीतीनं उभा होता. "पंकजा," तो म्हणाला, "तुझी माफी मागायला तोंड न्हाई मला. पन एक विचारू का? शिखर मला आठवतंय. उजेड आठवतोय, निळं आभाळ. पन आता कशाचाच भरवसा वाटत न्हाई. ते बी माझ्या डोक्यानं कुठून आनून चिकटवलं असंल तर? मी खरंच हुतो का वर?"

कल्याण तंबूत होता. मॅडम बेस कॅम्पला होत्या. जगात एकच माणूस होतं ज्याला हे माहीत होतं, आणि काकानं त्याच माणसाला चोर म्हटलं होतं. 

"सांगते," पंकजा उठली. "पन आधी माझ्याबरूबर बाजारात चल. ग्रुपवर लिव्हलंस ते फिरत फिरत इथं सगळ्यांनी वाचलंय. आता ऐकू दे सगळ्यांला."

काका गेला. मिरच्यांची पोती आणि कोंबड्यांची खुराडी यांच्या मधोमध तो उभा राहिला. सुरुवातीला त्याचा आवाज निघेना. एक म्हातारा म्हणाला, "मोठ्यानं बोल की रं पाव्हण्या!" मग तो मोठ्यानं बोलला. पंकजानं काही चोरलं नाही, देव माझ्याच हातानं ठेवला होता, चूक माझी. माणसं थांबली, ऐकत राहिली. कुणी विचारलं, "एवढा मोठा गडी, आनि आठवलं कसं न्हाई?" त्यावर काकानं खरं तेच सांगितलं, की वर गेल्यावर डोकं आपलं राहत नाही. म्हाताऱ्यानं मान हलवली.

पंकजा पोत्यावर टेकली. काका तिच्यासमोर उकिडवा बसला, गोष्ट ऐकायला बसलेल्या पोरासारखा.

"हुतास तू वर," ती म्हणाली. "माझ्या आधी चार पावलं पोचलास. मी म्हनलं आता हा झेंडा काढंल, फोटू काढाया सांगंल. तर तू बसलास खाली. चौफेर बघितलंस. एक येळ, दोन येळ. आनि म्हनलास, ‘पंकजा, पार तिकडपतोर बघ. कुठंच ऊस न्हाई.’ आनि हसत सुटलास. थांबंचना तुझं हसू."

काका तिच्या तोंडाकडं बघत राहिला. त्याला आठवत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तरी त्याचे डोळे भरून आले आणि ओठ हळूहळू ताणत गेले.

"मग?" त्यानं विचारलं.

"मग म्या दोर ओढला अन् खाली आनला तुला. आनि नीट ऐकून ठिव, बजरंग. आता विसरलास तर परत सांगनार न्हाई."